मागचा शॉकअप वाटेतच गेला तर पुढे जायचं की तिथेच थांबायचं

प्रश्न नीट वाचला तुमचा. म्हणजे लांबच्या प्रवासात आहात, बाइक मोनोशॉकवाली, म्हणजे मागे एकच शॉकअप, मागे घरचं माणूस बसलेलं, दोन्ही बाजूंना भरलेल्या बॅगा. सकाळी गाडी ठीक होती, दुपारी खराब रस्त्याचा मोठा पट्टा झाला आणि मग मागची बाजू होडीसारखी झुलायला लागली, थांबून बघितलं तर शॉकअपला तेल. अजून तीनेकशे किलोमीटर बाकी आहेत, वाटेत एकाने प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ती सेटिंग, फुल आवळून दिला आणि म्हणाला आता बिनधास्त जा. तर जायचं का?

असंच डबलसीट, सामानासकट, तीनशे किलोमीटर जायचं असेल तर अजिबात जाऊ नका. एकट्याने, सामान उतरवून, हळूहळू, जिथे शॉकअप मिळेल किंवा गाडी दुसऱ्या वाहनात चढवता येईल अशा जवळच्या ठिकाणापर्यंत बहुतेक जाता येईल. बहुतेक म्हणतोय कारण त्याआधी दहा मिनिटं गाडीखाली वाकून बघावं लागणार आहे. मी वीसेक वर्षं सस्पेन्शनचंच काम करतोय, त्यामुळे उत्तर जरा लांब होईल, पण घाईत नसाल तर पूर्ण वाचा, आणि घाईत असाल तर निदान टायर आणि डिस्कबद्दल जे लिहिलंय तेवढं वाचल्याशिवाय गाडी सुरू करू नका.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसू द्या, बाकीचं त्यावरून आपोआप सुचत जातं. आपण ज्याला शॉकअप म्हणतो त्यात दोन वेगळी कामं चालतात. बाहेरची स्प्रिंग वजन तोलते. आतला डॅम्पर, म्हणजे तेलाने भरलेला सिलेंडर आणि त्यात वरखाली होणारा पिस्टन, तो त्या स्प्रिंगला आवरतो. पिस्टनला बारीक भोकं असतात, त्यावर पातळ पत्र्याच्या चकत्या असतात, तेल तिथून जोराने रेटलं जातं आणि उसळीतली ताकद उष्णता होऊन निघून जाते, म्हणूनच खराब रस्त्यावरून आल्या आल्या शॉकअपला हात लावला तर चटका बसतो. आता तेल गेलं म्हणजे आवरणारा गेला. तोलणारी स्प्रिंग जागेवर आहे, गाडी उभी राहते, चालते, फक्त एकदा हलली की हलतच राहते. उलट स्प्रिंग तुटली, किंवा शॉकअपच्या टोकाला बोल्टची जी कडी असते ती तडकली, किंवा बोल्टच निसटला, तर तोलणारंच गेलं. पहिल्या प्रकारात जपून थोडं पुढे जाता येतं. दुसऱ्यात जाता येत नाही, तिथे कुठलाही जुगाड सांगणाऱ्याचं ऐकू नका. रस्त्यावर उभं राहून तुम्हाला ठरवायचंय ते एवढंच की यातलं आपलं काय झालंय.

पण त्याच्याही आधी, टायर आणि डिस्क. शॉकअपचं तेल खाली गळतं आणि वाऱ्याने मागे उडतं, आणि मागे टायर आहे. टायरवर किंवा मागच्या डिस्कवर तेल आलं असेल तर सस्पेन्शनचा विचार नंतर, कारण पहिल्या वळणाला टायरची पकड सुटेल किंवा ब्रेक लागणारच नाही. गाडी रस्त्यापासून बाजूला, सपाट आणि कडक जमिनीवर घ्या, चाक हाताने फिरवत पूर्ण गोल बघा, पांढरा कागद किंवा फडकं टायरच्या कडेला आणि डिस्कच्या दोन्ही बाजूंना टेकवून बघा, डाग लगेच कळतो. टायरवर असेल तर साबणाचं पाणी आणि घासायला काहीतरी, दोन-तीनदा, मग स्वच्छ पाणी, मग कोरडं. डिस्क गार होऊ द्या आणि मगच ब्रेक क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, गरम डिस्कवर असलं काही मारायचं नाही, पेट घेऊ शकतं आणि काही क्लीनरमधून विषारी वायूही निघतो. पेट्रोलने पुसायचा मोह होतो, सायलेन्सर तापलेला असताना तो टाळा. डिस्क साफ झाली तरी ब्रेक पॅडनी तेल पिलं असेल तर ते कितीही घासा परत पूर्वीसारखे होत नाहीत, ते बदलायचेच, तोपर्यंत मागचा ब्रेक नाहीच असं समजून चालवायची. ड्रम ब्रेक असेल तर एवढी भीती नसते, आत तेल सहसा पोचत नाही, टायर मात्र बघायचाच.

आता खरंच शॉकअपच गळतोय का ते बघा, कारण चेनचं ल्यूबही उडून तिथेच साठतं आणि माणसं उगाच घाबरतात. शॉकअपची चकचकीत दांडी, म्हणजे पिस्टन रॉड, स्वच्छ फडक्याने पुसून घ्या, मग सीटवर जोर देऊन गाडी दहा-पंधरा वेळा दाबा आणि परत बघा. दांडीवर अगदी पातळ ओलसर थर असणं चालतं, सील, म्हणजे तेल आत अडवणारी रबराची कडी, तेवढं ओलं राहतंच. पण सीलच्या खाली ओघळ दिसला, थेंब जमला, किंवा धूळ चिकटून चिखलाची कडी झाली असेल तर सील गेलंय. दांडीवर नख फिरवून बघा, खडा लागून ओरखडा पडलेला किंवा गंजाचा बारीक खड्डा असेल तर तेच सील फाडतं, नवीन सील टाकलं तरी ते परत फाटणार, हे पुढे रिपेअर करताना उपयोगी पडेल म्हणून आत्ताच फोटो काढून ठेवा.

मग दाबून बघायची साधी परीक्षा. गाडी सरळ धरा, मागून सीटवर दोन्ही हातांनी पूर्ण जोराने दाबा आणि एकदम सोडा. चांगला शॉकअप असेल तर गाडी एकदा वर येते आणि तिथेच थांबते. डॅम्पर मेला असेल तर पटकन उसळते, परत खाली जाते, परत वर, दोन-तीनदा झुलते. दाबताना वरखाली होण्याच्या टोकाला टक असा आवाज आला तर तो तेलाचा नाही, बुश (टोकाच्या कडीतली नळी), बोल्ट किंवा लिंकेजचा (शॉकअपला मागच्या चाकाशी जोडणाऱ्या दांड्यांचा) आहे आणि त्यासाठी खाली बघावं लागेल. गाडी मुळातच खाली बसलेली वाटली, म्हणजे सीट कमी उंचीची लागतेय, हेडलाइट झाडांच्या शेंड्यावर मारतोय, साइड स्टँडवर लावली तर नेहमीपेक्षा जास्त सरळ उभी राहतेय, तर स्प्रिंगवर संशय घ्या. हे साइड स्टँडचं लक्षात ठेवा, कारण मागून बसलेली गाडी स्टँडवर इतकी सरळ होते की वाऱ्याने किंवा धक्क्याने पलीकडच्या बाजूला पडते, आणि तुम्ही नेमके त्याच बाजूला वाकून शॉकअप बघत असता.

स्प्रिंग तुटली की दरवेळी दोन तुकडे लोंबत नाहीत. बऱ्याचदा शेवटच्या वेढ्याजवळ तुटते आणि तुटलेलं टोक शेजारच्या वेढ्यात फिरून बसतं, बाहेरून अख्खी दिसते, फक्त एक वेढा कमी. बोट फिरवत वेढे मोजा, टॉर्च लावून स्प्रिंग ज्यावर टेकते त्या खालच्या आणि वरच्या बशीजवळ बघा. प्रीलोडची खाचवाली कॉलर तिरकी बसलीय का, सरकलीय का तेही बघा. त्यानंतर दोन्ही टोकांचे बोल्ट. नट जागेवर आहे का, बोल्टचे आटे नटच्या बाहेर दिसतायत का, धातूची चकचकीत पावडर किंवा गंजाची लाल रेघ कुठे दिसतेय का. लाल रेघ म्हणजे तिथे काहीतरी सैल होऊन घासतंय किंवा तडा गेलाय. फ्रेमवर आणि चिमट्यावर, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मवर, जिथे शॉकअप बसतो त्या वेल्डिंगभोवती रंगात केसासारखी रेघ असेल तर ती ओरखडा समजून सोडू नका, नखाने खरवडा.

हे बोल्टचं मी एवढं लावून धरतोय त्याला कारण आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याच गाडीचा शॉकअप एका वर्कशॉपने काढून बसवला होता, तेव्हा मी फक्त डॅम्परचं काम करायचो, बसवायला दुसऱ्याकडे दिलेला. त्यांनी खालच्या बोल्टला जुनाच नायलॉनचा लॉकनट परत वापरला. आठवड्याभराने लांब निघालो, दोनेक तासांनी मागून बारीक टक टक यायला लागली, रस्ता खराब होता म्हणून मी रस्त्यालाच दोष देत राहिलो. मग एका छोट्या खड्ड्यात गाडी अशी काही बसली की मागचं टायर मडगार्डच्या आतल्या बाजूला घासलं आणि चाक क्षणभर जाम झालं. वेग चाळिसच्या आसपास होता म्हणून पाय टेकवून उभा राहिलो. नट कुठेतरी गळून पडला होता आणि बोल्ट अर्ध्याहून जास्त बाहेर सरकलेला. म्हणजे डॅम्पर ठणठणीत, स्प्रिंग नवीकोरी, आणि तरीही गाडी एक इंच पुढे नेण्यासारखी नव्हती. तेव्हापासून कोणी म्हणालं मागून आवाज येतोय तर मी तेलाआधी बोल्टला हात लावतो.

तर आता ठरवायचं कसं. नुसतं तेल गळतंय, स्प्रिंग अखंड, दोन्ही टोकं घट्ट, टायर-डिस्क स्वच्छ, हे सगळं असेल तर जपून जाता येतं. दांडी वाकलेली असेल तर नाही, कारण ती अडकली तर चाक वरच्या वर अडकून बसेल. मोनोशॉकमध्ये स्प्रिंग तुटली असेल, कडी तडकली असेल, बोल्ट गेला असेल, वेल्डिंगला तडा असेल, तर गाडी उचलूनच न्यायची. बोल्ट नुसता सैल झालाय आणि आटे शाबूत आहेत तर आवळून पुढे जाता येतं, दर वीस-पंचवीस किलोमीटरला थांबून बघायचं. हरवलेल्या बोल्टच्या जागी मिळेल तो साधा बोल्ट टाकणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, तसं करू नका. तो बोल्ट ज्या जोराने कातरला जातो तो साध्या मऊ लोखंडाला झेपत नाही.

दोन शॉकअपवाल्या गाडीची गोष्ट थोडी सोपी आहे. एकाचं तेल गेलं तर दुसरा निम्मं काम करत राहतो, हळू गेलं तर गाडी घरी पोचते. पण एकाची कडी तुटली तर सगळा भार चिमट्याच्या एकाच बाजूला येतो, चिमटा पिळवटतो आणि वळणात गाडी आपण सांगतो त्यापेक्षा वेगळ्या दिशेला ओढते, तिथे चालण्याच्या वेगाने फार तर सुरक्षित जागेपर्यंत जा. आणि बदलताना जोडी बदला, एक नवा एक जुना असं करू नका. मोनोशॉकला हा जोडीदार नसतो. ही पद्धत यामाहाने बेल्जियन इंजिनिअर ल्युसिएन टिल्केन्स यांच्या कल्पनेवरून मोटोक्रॉसमध्ये आणली आणि 1973 साली हॉकन आंदेरसन 250 सीसीचा वर्ल्ड चॅम्पियन झाला तो याच जोरावर, चाकाला जास्त लांब हालचाल मिळते, वजन मधोमध येतं, सगळं चांगलंच आहे, फक्त तो एक गेला की मागे दुसरा कोणी नाही.

तुमच्या प्रश्नातली एक गोष्ट मला खटकली, सकाळी ठीक होती आणि दुपारी झुलायला लागली. तेल आजच गळायला लागलं असं नसतं बहुतेक वेळा. डॅम्परमध्ये तेलासोबत दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो, कारण पिस्टन वेगाने हलला की त्याच्या मागे दाब पडतो, तेलात बुडबुडे तयार होतात, आणि बुडबुडेवालं तेल भोकातून सर्रकन निघून जातं, आवरायचं काम करतच नाही. फ्रेंच इंजिनिअर द कार्बोन यांनी 1950च्या दशकात गॅसचा दाब देऊन हेच बुडबुडे दाबून टाकायची युक्ती केली आणि आजचे बहुतेक चांगले शॉकअप त्याच तत्त्वावर चालतात. गॅस हळूहळू निघून गेला तर बाहेर एक थेंबही दिसत नाही, शॉकअप थंड असताना बरा वाटतो, अर्धा तास खराब रस्त्यावर तापला की फेस होतो आणि गाडी झुलायला लागते, थोडा वेळ थांबलं की परत बरी. लोकांना वाटतं आपल्याला भास झाला. भास नाही तो, ती पहिली सूचना असते, आणि त्यानंतर कधीतरी सील जातं. तुम्हाला गेल्या एक-दोन महिन्यांत असं काही जाणवलं होतं का ते आठवून बघा. सध्याच्या परिस्थितीत याचा फायदा एवढाच की आत थोडं तेल उरलं असेल तर थंड असताना ते थोडंफार काम करतं, म्हणून सलग न चालवता पंधरा-वीस किलोमीटर झाले की पंधरा-वीस मिनिटं थांबा. पाणी ओतून थंड करू नका, सीलच्या कडेची माती आत जाते.

आता प्रीलोड. त्या माणसाने फुल आवळून दिला, हेतू चांगलाच असणार, पण त्यामागे एक गैरसमज आहे जो मला जवळजवळ रोज ऐकू येतो, की प्रीलोड आवळला की शॉकअप कडक होतो. स्प्रिंग तीच राहते. प्रीलोडने फक्त गाडी बसते किती ते बदलतं, मागची बाजू वर येते, खाली टेकायला जागा जास्त मिळते. उसळी आवरायचं काम प्रीलोड करत नाही, तो डॅम्परचा प्रांत आहे आणि तुमचा डॅम्पर गेलाय. फुल आवळलेल्या स्प्रिंगवर एकटा माणूस बसला, सामान काढलेलं, तर गाडी मागून इतकी उंच राहते की खाली जायला जागा भरपूर पण वर यायला काहीच उरत नाही, प्रत्येक खड्ड्यानंतर चाक खाली ताणलं जाऊन खट्ट करून टोकाला आदळतं आणि रस्त्यावरची पकड सोडतं. त्यामुळे सामान आणि मागचं माणूस उतरवल्यावर प्रीलोड परत एकट्याला लागतो तेवढ्यावर आणा, आणि गाडी खरंच खाली टेकत असेल तरच एक-दोन खाचा वाढवा. रीबाउंडचा, म्हणजे दबलेली स्प्रिंग किती वेगाने परत वर येते ते ठरवणारा स्क्रू असेल, बहुतेक शॉकअपच्या खालच्या टोकाला असतो, तर तो घड्याळाच्या दिशेने हळूच शेवटपर्यंत फिरवा, जोर लावू नका, आणि किती क्लिक फिरवले ते मोजून लिहून ठेवा. आत तेल उरलं असेल तर यानेच थोडा फरक पडेल. काहीच फरक पडला नाही तर समजा आत आवरायला काही उरलेलं नाही.

चालवताना तुम्हीच डॅम्पर व्हायचं. खड्डा दिसला की सीटवरून थोडं उठा, गुडघे ढिले ठेवा, पायांनी धक्का खा, बसून खाल्लेला धक्का तुम्हाला वर फेकतो आणि तुमचं वजन परत आदळून गाडीला आणखी झुलवतं. वेग चाळीस-पन्नासच्या वर नेऊ नका, पण नुसता कमी वेग हेच उत्तर आहे असंही नाही, कारण झुलण्याची गाडीची स्वतःची एक लय असते, साधारण सेकंदाला दोनदा. समजा सिमेंटच्या रस्त्यावर दर आठ मीटरला सांधा आहे आणि तुम्ही ताशी 60ने जाताय, म्हणजे सेकंदाला साडेसोळा मीटरच्या आसपास, म्हणजे सेकंदाला दोन धक्के. बरोबर गाडीच्या लयीत बसले. चांगल्या डॅम्परला हे कळतही नाही, पण तुमच्याकडे आवरायला कोणी नाही, तर प्रत्येक सांध्यावर झोका वाढत जाणार, पाळण्याला दरवेळी योग्य क्षणी धक्का दिल्यासारखा. तेच ताशी 40वर आणलं की सेकंदाला दीडपेक्षाही कमी धक्के, लय तुटते, झोका मरतो. म्हणून झोका वाढतोय असं वाटलं की थ्रॉटल हळूच सोडून वेग दहा-पंधराने बदला. अचानक ब्रेक मारू नका, झोक्यात वर असताना मागच्या टायरवर जवळजवळ वजनच नसतं.

ब्रेकचं म्हणाल तर अंतर दुप्पट ठेवा. पुढचा ब्रेक मुख्य, पण हळूहळू दाबत नेऊन. मागचं चाक उड्या मारत असेल तर एबीएस त्याला घसरलं समजून ब्रेक सोडत-धरत राहतो आणि थांबायचं अंतर वाढतं, याची मनाची तयारी ठेवा म्हणजे मागच्या ब्रेकचं पेडल थरथरल्यावर दचकायला होणार नाही. एकदम दोन गिअर खाली टाकू नका, इंजिनाच्या ब्रेकिंगने चाक नाचायला लागतं. वळणात शिरायच्या आधीच वेग कमी करा आणि वळण पूर्ण होईपर्यंत थ्रॉटल एकसारखा ठेवा. वळणात मध्येच खड्डा आला तर चाक बाहेर सरकेल, अंग ताठ करू नका, हँडल घट्ट आवळू नका. ओला रस्ता, रात्र, घाटाचा उतार, यातलं काहीही समोर असेल तर मी तरी थांबेन. टायरमधली हवा कमी करा असा सल्लाही तुम्हाला कोणीतरी देईल. खाली टेकणाऱ्या गाडीत कमी हवा म्हणजे रिम वाकायला आमंत्रण, जेवढी सांगितलीय तेवढीच ठेवा.

चेन मात्र बघा. पुढचं स्प्रॉकेट, चिमट्याचा पिव्होट (चिमटा ज्यावर वरखाली फिरतो तो बोल्ट) आणि मागचा एक्सल एका रेषेत आले की चेन सर्वात जास्त ताणलेली असते, आणि मागून बसलेली गाडी सतत त्या जागेच्या जवळ राहते. तुम्ही गाडीवर बसा आणि दुसऱ्या कोणाला तरी चेन खालून वर दाबून बघायला सांगा, अगदी तारेसारखी ताठ असेल तर थोडी ढिली करूनच निघा, नाहीतर गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर भार येतो. हेडलाइटही खाली करा, समोरच्याच्या डोळ्यांवर जातो.

एखाद्या ठिकाणी फोनला रेंज नाही, वाहन नाही, आणि स्प्रिंगच गेलीय, तेव्हा काय? अशा वेळी चिमटा आणि फ्रेमच्या मधल्या जागेत लाकडाचा ठोकळा किंवा जुन्या टायरचे तुकडे एकावर एक ठेवून जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी गच्च बांधतात, म्हणजे चाक एका हद्दीच्या वर येतच नाही. मी हे एकदाच केलंय, साधारण सहा किलोमीटर, चालण्याच्या वेगाने, दर पाचशे मीटरला उतरून बघत. बांधलेलं काहीही चेनच्या किंवा टायरच्या वाटेत येता कामा नये, आणि प्रत्येक धक्का थेट फ्रेमला बसतो हे लक्षात ठेवा. सुरक्षित जागी पोचण्यापुरतं आहे हे.

रस्त्यावर शॉकअप उघडायचा प्रयत्न करू नका, कोणी कितीही आत्मविश्वासाने सांगितलं तरी. मोनोशॉकची स्प्रिंग समजा मिलिमीटरला 90 न्यूटनची आहे आणि 15 मिलिमीटर आवळून बसवलीय, तर नुसती उभी असतानाही ती 1350 न्यूटनने ढकलतेय, म्हणजे जवळपास 138 किलोचा जोर. स्प्रिंग कॉम्प्रेसर नसताना बशी सुटली तर हाताची बोटं जातात. आणि गॅसचा दाब आत असताना त्याला भोक पाडणं, वेल्डिंग करणं, आगीवर धरणं, हे तर फुटणारच. कोणी हवेचा पंप लावून गॅस भरून देतो म्हणालं तरी नको म्हणा. हवेत ऑक्सिजन आणि ओलावा असतो, गरम तेलासोबत दोन्ही नकोत, नायट्रोजन उगाच वापरत नाहीत.

गाडी पिकअपमध्ये चढवायची वेळ आली तर बांधताना एक चूक सगळे करतात. नेहमीसारखा मागचा पट्टा सीटवरून किंवा ग्रॅब रेलवरून ओढून बांधतात, पण डॅम्पर मेलेल्या गाडीची मागची बाजू वाटभर वरखाली होते, पट्टा ढिला पडतो आणि गाडी आडवी होते. मागचा पट्टा चिमट्याला किंवा चाकातून घेऊन चाकच तळाशी जखडा, वरचं वजन पुढच्या फोर्कला अर्धा दाबून दोन बाजूंनी धरा. फोर्क पूर्ण दाबू नका, नाहीतर पोचेपर्यंत त्याचंही सील जाईल.

पोचल्यावर काय करायचं ते थोडक्यात. शॉकअप उघडता येणाऱ्या प्रकारचा असेल, म्हणजे खाली-वर सर्क्लिप (खाचेत बसणारी तारेची कडी) किंवा आट्यांची टोपी आणि गॅसचा व्हॉल्व्ह दिसत असेल, तर सील, तेल, गॅस बदलून परत चांगला होतो, दांडी खराब नसेल तर. पत्रा दाबून कायमचा बंद केलेला असेल तर नवीनच घ्या, त्यात भोक पाडून तेल भरून देणारे असतात, तो महिनाभरही टिकताना मी पाहिलेला नाही. नवीन घेताना दोन बोल्टमधलं अंतर मूळ शॉकअपइतकंच आहे ना ते मोजा. मोनोशॉकमध्ये चाक शॉकअपपेक्षा दोन-तीन पट हलतं, त्यामुळे शॉकअप पाच मिलिमीटर लांब असला तरी गाडी मागून दहा-पंधरा मिलिमीटर उचलली जाते आणि हँडलिंग बदलतं. लिंकेजची बेअरिंग त्याच वेळी काढून ग्रीस करून घ्या, ती जाम असतील तर नवा शॉकअपही दगडासारखा वाटेल. रबर बुश असतील तर बोल्ट शेवटचे आवळताना गाडी चाकांवर उभी असावी, हवेत लटकत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. लॉकनट नवीन.

मग सॅग, म्हणजे वजनाने गाडी मागून किती बसते ते मोजा. चाक हवेत असताना एक्सलपासून सीटखालच्या एका ठरलेल्या खुणेपर्यंतचं अंतर, आणि तुम्ही पूर्ण तयारीने बसल्यावरचं अंतर, यातला फरक चाकाच्या एकूण हालचालीच्या साधारण तीस टक्के हवा, म्हणजे 120 मिलिमीटर हालचाल असेल तर 35च्या आसपास. डबलसीट आणि सामानासाठी परत वेगळं मोजा आणि प्रीलोडच्या खाचा लिहून ठेवा. आणि ज्या पॅडवर तेल उडालं होतं ते, शॉकअपच्या गडबडीत, राहून जातात नेहमी. ते त्याच दिवशी बदला, आणि नवे पॅड बसेपर्यंत पहिले काही किलोमीटर मागे कोणाला बसवू नका.